पहिला डाव

कॅपकॉम या जपानी कंपनीने १९९३ साली 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' नावाचा गेम काढला. हे लांबलचक नाव आपल्याकडे फारसं कुणी घेतलंच नाही. त्यातल्या चार नायकांपैकी पिवळ्या टोपीवाला मुस्तफा पोरांना इतका आवडला, की अख्ख्या गेमलाच 'मुस्तफा' म्हणू लागले. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांना ते व्हिडिओ गेमचं पार्लर चांगलं आठवतं. स्टेशनजवळचा अरुंद गाळा, आपला नंबर लावण्यासाठी मशीनच्या कडेला ठेवलेली नाणी, आणि पाठीमागून न विचारता सल्ले देणारी गर्दी. नाणं फार लवकर संपायचं, हेही आठवतं. पाच मिनिटांत खेळ खलास आणि खिसा रिकामा. त्यातल्या कित्येकांनी तेव्हाच ठरवून टाकलं, की आपला हात या कामाचा नाही.

समुद्रकाठच्या अर्नाळ्यात मी मोठ्या माणसांना गेम दाखवायला बसतो, तेव्हा पहिलं वाक्य हमखास तेच येतं. "आपल्याला नाय जमायचं, ते पोरांचं काम." म्हणून या प्रकरणाची सुरुवात बटणांपासून न करता हिशोबापासून करतो. गेम अवघड असतो तो कुणीतरी तसा ठेवलेला असतो, आणि त्यामागे कारण असतं. ते कारण कळलं की निम्मी भीती जाते.

पार्लरमधल्या मशीनचं कारण उघड आहे. एका नाण्यात कुणी तासभर खेळत बसला तर मालकाचा धंदा बसला. त्यामुळे नवख्याला काही मिनिटांत बाद करायचं, पण 'अजून एकदा खेळलो असतो तर जमलं असतं' अशी हुरहुर लावून बाद करायचं, हे त्या गेमच्या रचनेतच होतं. १९७८ च्या 'स्पेस इनव्हेडर्स'मध्ये तर ही चढती अवघड पायरी जवळजवळ आपोआप सापडली. तोमोहिरो निशिकादो यांनी ओळीने उतरत येणारी परग्रहवासीयांची फौज काढली होती. त्या काळच्या यंत्राला एवढी सगळी चित्रं एकावेळी हलवणं जड जायचं. खेळणारा जसजसे शत्रू मारी, तसतसं यंत्राचं ओझं कमी होई आणि उरलेले शत्रू अधिक वेगाने धावू लागत. निशिकादोंनी ते तसंच राहू दिलं. 'पुढे जाल तसं कठीण' हा नियम गेमच्या दुनियेत असा पक्का झाला.

म्हणजे त्या पार्लरमध्ये हरलेल्या पोराचा हात वाईट नव्हता. मशीन त्याला हरवण्यासाठीच बांधलं होतं.

गेम घरात आल्यावर हिशोब बदलला. विकत घेणाऱ्याने पैसे एकदाच दिलेले असतात, आता त्याला लवकर बाद करून काय मिळणार? उलट तो रमला पाहिजे, शिकला पाहिजे. आपल्याकडे घराघरांत 'लिटल मास्टर'सारखी नक्कल-यंत्रं आली, त्यांच्या पिवळ्या-काळ्या कार्ट्रिजमधून १९८५ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' बहुतेकांनी पाहिला. त्याची पहिली पातळी पुन्हा एकदा नीट बघण्यासारखी आहे, कारण तिच्यात एक अक्षरही न लिहिता माणसाला शिकवलेलं आहे.

सुरुवातीला मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला, उजवीकडे तोंड करून उभा असतो. उजवीकडे मोकळी जागा. कुठे जायचं हे विचारावंच लागत नाही. चार पावलं गेलं की समोरून एक तपकिरी, भुवया चढवलेला प्राणी चालत येतो. काही केलं नाही तर तो आदळतो आणि मारिओ मरतो. पण मरून नुकसान किती? चार सेकंदांचं. पुन्हा तिथेच सुरुवात. दुसऱ्या खेपेला हात आपोआप उडीच्या बटणाकडे जातो. वर प्रश्नचिन्हाची चकाकणारी वीट आहे. खालून डोकं आपटलं की नाणं उडतं आणि छान आवाज होतो. मग दुसऱ्या विटेतून बाहेर येतं एक अळंबं. आत्ताच एका प्राण्याने मारलेलं असल्यामुळे नवखा त्यालाही घाबरतो. पण ते अळंबं पलीकडे घसरत जातं, हिरव्या नळाला आपटतं आणि उलट फिरून आपल्याच अंगावर येतं. वर विटा असल्यामुळे धड उंच उडीही मारता येत नाही. ते अंगाला लागतंच, आणि मारिओ मरण्याऐवजी मोठा होतो. नवख्याला पळून जाता येऊ नये आणि त्याचं भलं व्हावं, अशी ती जागा मुद्दाम आखलेली आहे. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी ही पातळी कशी घडवली, ते पुढे मुलाखतींतून सांगितलंही आहे. शेवटाकडे दोन जिने समोरासमोर येतात. पहिल्या जोडीच्या मध्ये साधी जमीन आहे, पडलात तरी काही होत नाही. त्याच आकाराच्या पुढच्या जोडीत मधे खड्डा आहे. आधी सराव, मग परीक्षा.

नवख्याने पहिला गेम निवडताना हेच बघावं, की हा गेम चुकल्यावर माझ्याकडून काय घेतो? चार सेकंद घेत असेल तर खुशाल चुका. अर्धा तास मागे नेत असेल तर तो गेम पुढच्या वर्षीसाठी ठेवा.

आजच्या गेममध्ये तर अवघडपणा आपल्या हातात दिलेला असतो, फक्त तो सेटिंगमध्ये शोधावा लागतो. २०१८ चा 'सेलेस्ट' हा डोंगर चढण्याचा गेम कमालीचा कठीण म्हणून प्रसिद्ध आहे. त्यातच 'असिस्ट मोड' आहे. खेळाचा वेग निम्म्यापर्यंत कमी करता येतो, दम न संपण्याची सोय करता येते, हवं तर मरणंच बंद करता येतं. २०२० च्या 'हेडीस'मध्ये 'गॉड मोड' चालू केला की तुम्हाला होणारी इजा २० टक्क्यांनी कमी होते, आणि प्रत्येक मरणानंतर आणखी २ टक्क्यांनी, अशी ८० टक्क्यांपर्यंत. जितकं हराल तितका गेम तुम्हाला सांभाळून घेतो. ज्यांनी गेम बनवला त्यांनीच ही दारं ठेवली आहेत. 'ईझी' निवडायला कमीपणा वाटून घेऊ नये, असं मी प्रत्येकाला बजावून सांगतो, कारण 'नॉर्मल' हा शब्द बहुतेक वेळा आधी वीस गेम खेळलेल्या माणसाला धरून लिहिलेला असतो.

अर्नाळ्यात हा सगळा विषय निघतो तो पावसाळ्यात. जून-जुलैत मासेमारीला बंदी असते. बोटी किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या, जाळी सांधायची कामं सावकाश चाललेली, समोरच्या किल्ल्यावर जाणाऱ्या होड्यांचंही पाण्याच्या मर्जीवर. घरातली माणसं घरात, आणि प्रत्येकाच्या हातात फोन. यंत्र विकत घेण्याची घाई करू नका, हाच फोन पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी पुरतो.

फोनवर पहिला गेम 'टेट्रिस' असावा असं माझं मत आहे. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी तो बनवला. चार-चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, ते फिरवून ओळ भरायची. दहा सेकंद नुसतं बघितलं की नियम कळतो, इंग्रजी वाचावं लागत नाही, आणि हाताला 'दाबलं की लगेच घडतं' या गोष्टीची सवय लागते. ज्यांना घाई नको वाटते त्यांनी 'मॉन्युमेंट व्हॅली' घ्यावा. २०१४ चा हा गेम म्हणजे फिरवता येणाऱ्या अशक्य इमारती. वेळेचं बंधन नाही, मरण नाही, शब्द अगदी मोजके. 'ऑल्टोज ॲडव्हेंचर' एका बोटाने खेळता येतो. बोट टेकवलं की उडी, दाबून धरलं की कोलांटी. आणि ज्यांना नवीन काहीच शिकायचं नाही, त्यांच्यासाठी 'लुडो किंग' आहेच. नवी मुंबईतल्या गेमेशन कंपनीने २०१६ मध्ये काढलेला हा गेम टाळेबंदीत घरोघरी पोचला. त्यात आपली खासगी खोली उघडून तिचा कोड पाठवता येतो. आखातात असलेला मुलगा, वसईतली आत्या आणि अर्नाळ्यातले आजोबा एकाच पटावर बसतात. ऑनलाइन खेळाचा पहिला अनुभव घरच्यांबरोबर घ्यावा, अनोळखी माणसांबरोबर नव्हे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

यानंतर कंट्रोलर, म्हणजे दोन्ही हातांत धरायचं बटणांचं यंत्र. इथे गोंधळ खरा आहे आणि तो तुमचा नाही. चार बटणं चौकटीच्या आकारात असतात, पण प्रत्येक कंपनीची अक्षरं वेगळी. एक्सबॉक्सवर 'ए' खाली असतं, तर निन्टेंडोवर 'ए' उजवीकडे. 'एक्स' एक्सबॉक्सवर डावीकडे, निन्टेंडोवर वर, आणि प्लेस्टेशनवर फुलीचं बटण खाली. म्हणून अक्षर पाठ करू नका, जागा पाठ करा. खाली, उजवी, डावी, वर. भाचा "एक्स दाब" म्हणाला तर त्याला विचारा, कुठलं, खालचं की डावीकडचं?

खरी अडचण मात्र कंट्रोलरवरच्या, अंगठ्याने फिरवायच्या दोन काड्यांची. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने बघायचं, आणि दोन्ही एकाच वेळी. मुलं हे इतक्या लहानपणी शिकतात की त्यांना ते शिकल्याचं आठवत नाही, म्हणून ती ते शिकवूही शकत नाहीत. नवखा माणूस चालतो, थांबतो, आभाळाकडे बघतो, पुन्हा जमिनीकडे बघतो, भिंतीला टेकतो. सायकल शिकताना हँडल आणि पायडल यांचं जसं सुरुवातीला पटत नाही, तसंच हे आहे, आणि तसंच ते एके दिवशी न सांगता जुळतं.

तोपर्यंत मधली पायरी घ्या. ज्यात कॅमेरा, म्हणजे बघण्याची दिशा, गेमच सांभाळतो असे गेम खेळा. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स'ने २०२० मध्ये आणलेला 'राजी: ॲन एन्शंट एपिक' मला इथे सुचवावासा वाटतो. सर्कशीतली मुलगी राजी, असुरांनी पळवलेला तिचा भाऊ गोलू, आणि तिची कथा सांगणारे दुर्गा आणि विष्णू. राजस्थानी वास्तू, पहाडी चित्रांची छाया, कथेच्या मधल्या प्रसंगांत बाहुल्यांचा खेळ. कॅमेरा आपला आपण फिरतो, त्यामुळे उजव्या अंगठ्याला सुट्टी. लढाया सोप्या नाहीत, पण त्रिशूळ हातात आल्यावर अंगठा कुठे न्यायचा हे लवकर उमगतं. 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये त्या वर्षीच्या पदार्पणाच्या स्वतंत्र गेममध्ये त्याला नामांकन होतं. पुण्यात बनलेल्या गेमसाठी ही मोठीच गोष्ट होती, आणि मराठी घरांत त्याची जेवढी ओळख व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

दोन काड्यांचा सराव करायला मी 'माइनक्राफ्ट' हा विटांनी बांधायचा गेम वापरतो. अवघडपणा 'पीसफुल' ठेवला की राक्षस येत नाहीत आणि भूकही लागत नाही. मोकळं मैदान, झाडं, पाणी. एकच व्यायाम द्यायचा. एका झाडाभोवती गोल फिरायचं, पण झाड कायम पडद्याच्या मध्यावर राहिलं पाहिजे. हे जमलं की दोन्ही अंगठे एकमेकांशी बोलू लागले असं समजा. मग 'क्रिएटिव्ह' मोडमध्ये काहीतरी बांधायला घ्या. अर्नाळ्यातल्या माणसाला काय बांधावं हा प्रश्न पडत नाही, समोर जलदुर्ग उभा आहे. १७३७ मध्ये मराठ्यांनी घेतलेला, वैतरणेच्या मुखावरचा हा किल्ला गेममध्ये उभा करताना एक सोय होते. माइनक्राफ्टमधली प्रत्येक वीट एक मीटरची धरलेली आहे. तट पावलांनी मोजून या आणि तेवढ्या विटा लावा. जो माणूस बटणांना घाबरत होता तो मग दरवाजाची कमान चौकोनी विटांत कशी बसवायची यावर वाद घालू लागतो.

काहींना मात्र इथेच मळमळतं, घाम फुटतो. ते अशक्तपणाचं लक्षण नाही. नवख्याला बोट लागते तेव्हा कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगत असतो की आपण हलतोय, आणि डोळे जवळच्या फळीवर खिळलेले असल्यामुळे सांगतात की नाही. गेममध्ये बरोबर उलट होतं, डोळे धावत असतात आणि शरीर खुर्चीत स्वस्थ. मेंदूला हा तंटा सोसत नाही. बोटीवर जुनी माणसं दूर किनाऱ्याकडे नजर ठेवायला सांगतात. गेममध्येही नजरेला एक स्थिर जागा लागते. २००८ च्या 'मिरर्स एज'मध्ये पडद्याच्या मध्यभागी एक बारीक ठिपका ठेवला होता तो याचसाठी. सेटिंगमध्ये 'मोशन ब्लर' आणि 'कॅमेरा शेक' बंद करा, 'फील्ड ऑफ व्ह्यू' थोडा वाढवा, पडद्यापासून लांब बसा, खोलीत दिवा चालू ठेवा. आणि मळमळायला लागलं की 'सवय होईल' म्हणून रेटू नका, तिथेच थांबा. रेटल्याने पुढच्या वेळी मळमळ आणखी लवकर येते.

आता एक प्रसंग सांगतो. 'स्टारड्यू व्हॅली' हा शेतीचा गेम एरिक बरोन या एकट्या माणसाने चारेक वर्षं खपून २०१६ मध्ये पुरा केला. खेळातल्या दुसऱ्याच दिवशी विली नावाचा कोळी पत्र पाठवतो आणि बांबूचा गळ देतो. गळ टाकला की एक उभी पट्टी येते. तिच्यात एक हिरवा तुकडा आणि एक उड्या मारणारा मासा. बटण दाबलं की तुकडा वर, सोडलं की खाली. मासा त्या तुकड्यात राहिला पाहिजे. बहुतेक नवखे इथे कंटाळून गेम सोडतात. आमच्याकडे हे एका कॉलेजातल्या मुलाला जमेना, शेजारी त्याचे काका बसले होते, खडकावर गळ टाकून बसायची त्यांना आयुष्यभराची आवड. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अरे, तू त्याच्या मागे धावतोयस. त्याला पळू दे जरा, थकेल तो." कंट्रोलर त्यांनी हातात घेतला. बटण दाबून न धरता ते हलकेच टिचक्या मारत राहिले. पहिले मासे सुटले, मग एक लागला. गेममध्येही तेच खरं आहे. बटण दाबून धरलं की तुकडा वर जाऊन आपटतो, बारीक टिचक्यांनीच तो माशाबरोबर तरंगतो. ज्यांना तरीही जमत नाही त्यांनी विलीच्या दुकानातून २५ नाण्यांचा 'ट्रेनिंग रॉड' घ्यावा. हिरवा तुकडा मोठा होतो, फक्त साधेच मासे मिळतात.

पावसाळ्यात वीज जाण्याचा प्रश्न असतोच. गेम कधी जतन होतो हे पहिल्याच दिवशी बघून ठेवा. स्टारड्यूमध्ये ते फक्त दिवस संपवून झोपल्यावर होतं, आणि तिथला पूर्ण दिवस आपल्या १४ मिनिटांचा. म्हणजे वीज गेली तरी जास्तीत जास्त तेवढंच बुडतं.

उरला पैशांचा मुद्दा, आणि इथे पार्लरमधलं नाणं वेश बदलून परत आलेलं आहे. फुकट गेम सुरुवातीला फार प्रेमळ असतात. मग हळूहळू एनर्जी संपते, 'चार तास थांबा किंवा पैसे द्या' असं येतं, बंद पेटीत काय निघेल याची लालूच दाखवली जाते. इथे अवघडपणा तुम्हाला शिकवण्यासाठी वाढवलेला नसतो, तुम्ही पैसे द्यावेत म्हणून वाढवलेला असतो. फोनच्या प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय आहे, ती आजच चालू करा, विशेषतः फोन मुलांच्या हातात जात असेल तर. ओटीपी कुणालाही सांगायचा नाही, गेममधल्या 'मित्राला'ही नाही. पैसे लावून पैसे जिंकण्याचे ऑनलाइन खेळ तर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केलेल्या कायद्याने बंदच केले आहेत, मग ते कौशल्याचे म्हणवोत की नशिबाचे. तसला दुवा कुणी पाठवला तर तो उघडू नका.

एकदाच किंमत देऊन घेतलेला गेम नवख्यासाठी बहुतेक वेळा स्वस्त पडतो असं माझं ठाम मत आहे. संगणकावर 'स्टीम'मधून घेतला तर रुपयांत आणि यूपीआयने पैसे देता येतात. खरेदीला १४ दिवस झालेले नसतील आणि खेळून २ तास झाले नसतील, तर आवडला नाही म्हणून परत करता येतो. दोन तासांत गेम आपल्याला शिकवतोय की नुसता हरवतोय, हे कळतंच.

शेवटचं सांगणं शिकणाऱ्याला नाही, त्याच्या शेजारी बसणाऱ्याला आहे. घराघरांत मी एकच गोष्ट पाहतो. आई जरा अडली, की मुलगा म्हणतो, "दे इकडे, मी करून देतो." कंट्रोलर हातातून जातो, तो कठीण भाग अर्ध्या मिनिटात पार होतो, आणि आईने त्या अर्ध्या मिनिटात काहीच शिकलेलं नसतं. त्यानंतर ती कंट्रोलर परत मागत नाही. तेव्हा हात मागे ठेवा. विचारलं तरच सांगा, आणि उत्तर देण्याआधी "तिथे तुला काय दिसतंय?" असं विचारा. सोबत खेळायचंच असेल तर असे गेम घ्या ज्यात दोघांना जागा आहे. 'सुपर मारिओ ओडिसी'मध्ये एक जण मारिओ होतो आणि दुसरा त्याची टोपी. 'स्टारड्यू व्हॅली'त एकाच शेतावर घरातली दोघं-तिघं राबू शकतात. त्या काकांच्या घरी आता मुलगा पेरणी आणि पाणी बघतो, गळाचं काम काकांचं, आणि धरलेले मासे विकायचे की ठेवायचे यावर काकूंचा निर्णय अंतिम असतो.